बदलीनंतर शाळेकडे काय उरते?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून शिक्षकाची बदली झाली की चार्ज देणे-घेणे होते. दाखलखारीज रजिस्टर, हजेरीपत्रके, जडवस्तूंची नोंदवही, पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ, कपाटाच्या किल्ल्या. जाणारा मोजून देतो, येणारा मोजून घेतो आणि दोघांच्या सह्या होतात. पहिलीतली एक मुलगी दिवाळीपर्यंत तोंड उघडत नव्हती, ती कोणत्या गोष्टीने बोलती झाली. वजाबाकी माडिया भाषेतून सांगितली तेव्हा ती कशी उमगली. मोहफुलांच्या दिवसांत पट टिकवायला काय करावे लागले, यांपैकी काहीच त्या यादीत नसते. ते सारे जाणाऱ्या शिक्षकाबरोबर निघून जाते. जूनमध्ये नवा शिक्षक पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो, आणि मुलेही.

राज्यात कुठेही हे नुकसानच आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र ते फार महाग पडते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा आहे. त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटरवर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. इथल्या बऱ्याच शाळा द्विशिक्षकी, म्हणजे दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे. शेजारच्या वर्गात डोकावून 'तुम्ही हे कसं शिकवता, सर?' असे विचारायला शेजारचा वर्गच नसतो. त्यात बदल्यांच्या धोरणात 'अवघड क्षेत्र' म्हणून जाहीर झालेल्या शाळेत तीन वर्षे काढली की शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार मिळतो. तो मिळायलाच हवा. घरापासून दूर, सोयींवाचून तीन वर्षे काढणे सोपे नाही. पण माडिया किंवा गोंडी कानावर बसायला, गावाचे वेळापत्रक कळायला साधारण तेवढीच वर्षे लागतात. शिक्षक शिकवण्याजोगा होतो तेव्हाच तो निघतो.

म्हणून शिक्षकांनी एकमेकांना कल्पना आणि साहित्य देणे ही इथे हौशी शिक्षकांची जादा कामगिरी मानून चालणार नाही. शाळेला स्वतःची आठवण राहण्याचा दुसरा मार्ग या भागात नाही.

भाषेचेच बघा. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, कोरची भागात छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या पुनर्वसित गावांत बंगाली, आणि वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या पट्ट्यात झाडीबोली. माडिया आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा. त्यामुळे सहा वर्षांच्या माडिया मुलाला मराठी ही आपल्या बोलीची शहरी बहीण वाटत नाही. ती त्याला पूर्ण परकी असते. उलट सिरोंच्याकडून आलेल्या तेलुगू जाणणाऱ्या शिक्षकाला गोंडीची वाक्यरचना पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकापेक्षा लवकर उमगू शकते. झाडीपट्टीतल्या मुलाने 'पाणी'चे 'पानी' लिहिले तर तो त्याचा उच्चार आहे, निष्काळजीपणा नव्हे, हे ब्रह्मपुरीच्या शिक्षकाला कुणी समजावून द्यावे लागत नाही. बाहेरून आलेल्याला द्यावे लागते. राज्यघटनेचे 350-अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे 29 वे कलम 'शक्य तोवर' मातृभाषेचा आग्रह धरते. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, ती या तरतुदींच्या बळावरच. तिला मान्यतेसाठी झगडावे लागले ही गोष्ट वेगळी. सरकारी शाळेत मात्र ही कलमे अमलात येतात ती त्या त्या शिक्षकाच्या वहीत, आणि ती वही खासगी राहते.

अशा वहीत काय असू शकते, त्याचा एक नमुना तेंदूच्या हंगामातून घेता येईल. मे महिन्यात घरातले सगळे तेंदूपत्त्याला जातात. पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरी पाने नीट रचून बांधायची आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायची. महाराष्ट्रात एका पुडक्यात 70 पाने असतात आणि हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. भाव शेकड्यावर ठरतो. पाचवीतल्या मुलाच्या हातात इथे गुणाकार, भागाकार, शतमान आणि नफा-तोटा एवढे सगळे तयार आहे. एका गोणीत किती पाने? आईने आज 180 पुडकी दिली, शेकडा अमुक भाव, तर हाती किती यायला हवेत? फळीवरच्या मुन्शीने 'पाने फाटकी' म्हणून वीस बाजूला काढली तर किती गेले? पुस्तकातल्या आंब्याच्या पेट्यांचे गणित ज्याला अडते, तो मुलगा हे गणित तोंडी सोडवतो, कारण घरात रोज रात्री तोच हिशेब चाललेला असतो. त्याला अडचण येते ती तोंडी हिशेब कागदावर मांडताना. मग शिक्षकाचे काम नेमके तिथे सुरू होते: सत्तरचे सात दशक कसे करायचे, शून्य कुठे लिहायचे, तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर जुळवून कसे बघायचे.

आता हा धडा दुसऱ्या शिक्षकाला कसा द्यायचा? 'स्थानिक संदर्भातून गुणाकार' एवढे शीर्षक आणि एक फोटो पाठवला तर घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 70 चा आकडा, शेकड्याचा भाव, मुले कुठे अडखळली, कोणता प्रश्न विचारल्यावर त्यांनी बापाच्या पासबुकातली नोंद स्वतःहून तपासली, हे सगळे जायला हवे. आणि मूल तालुक्यातल्या धानपट्ट्यातल्या शाळेला तेंदूचे गणित जसेच्या तसे चालणार नाही हेही सांगायला हवे. तिथे माजी मालगुजारी तलावाचे पाणी कोणत्या बांधीला किती दिवस पुरेल हा प्रश्न जिवंत आहे. कल्पनेबरोबर तिची परिस्थिती पाठवली तरच घेणारा ती आपल्या परिस्थितीत बसवू शकतो.

महाराष्ट्राला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला बालशिक्षण नेले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली आणि शंख-शिंपले, खडे, पाने, बिया ही साधने केली. गुरांमागे जाणारी वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जाणारी कोरचीची मुले आणि कोसबाडची ती मुले यांच्यात फरक थोडाच आहे. ताराबाईंनी हे अनुभव स्वतःपुरते ठेवले नाहीत. 'शिक्षणपत्रिके'तून त्या ते मांडत राहिल्या. त्याआधीही, 1861 मध्ये सुरू झालेले 'मराठी शालापत्रक' मास्तरांसाठीच निघत होते, आणि कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्याचे संपादन केले होते. मराठी शिक्षकाला शिक्षकाने लिहिलेले वाचायला मिळावे ही गरज दीडशे वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती.

भामरागड तालुक्यात याचे सर्वांत जुने आणि सलग उदाहरण हेमलकशाचे. बाबा आमट्यांनी डिसेंबर 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, 1976 मध्ये तिथे आश्रमशाळा निघाली. माडिया मुले आणि मराठी शिक्षक यांच्यात सुरुवातीला समान भाषाच नव्हती. आज त्याच परंपरेत समीक्षा आमटे यांनी माडियातून सुरुवात करून मराठीकडे नेणारी पुस्तके तयार करण्याचे काम पुढे नेले आहे, आणि 2015 पासून नेलगुंड्याला साधना विद्यालय चालते. इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हेमलकशात माणसे टिकली, म्हणून ज्ञान टिकले. काय फसले, काय लागू पडले, हे आधीच्याकडून पुढच्याकडे गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेला असे सातत्य माणसांतून मिळणार नाही. ते व्यवस्थेतून उभे करावे लागेल.

त्यासाठीची व्यवस्था कागदावर तीस वर्षांपासून आहे. 1994 पासून महाराष्ट्रात दहाएक शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख आणि महिन्याला एक बैठक अशी रचना झाली. आज तिला शिक्षण परिषद म्हणतात. शिक्षकांनी आदर्श पाठ घ्यावा, साहित्य दाखवावे, अडचण मांडावी, हाच तिचा हेतू. प्रत्यक्षात केंद्रप्रमुखांची कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, आणि परिषदेचा बराच वेळ परिपत्रके, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि 'आजच्या आज पाठवा' यांत जातो. तीस-चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणत आलेला शिक्षक चहा घेऊन, माहितीचा नमुना भरून परत जातो. शासनाने शिक्षकांना दिलेली ही सर्वांत मौल्यवान वेळ आहे, आणि ती अशी खर्ची पडणे अक्षम्य आहे.

ती नीट वापरली तर काय होते हे शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखवून दिले. 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम तीस वर्षे टिकला, त्याचा कणा शिक्षकांची मासिक गोष्ठी हा होता. प्रयोग कुठे फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारून गप्प केले, हे शिक्षक तिथे सांगत आणि त्यातून पुस्तके सुधारत. अनेक शिक्षकच पुढे इतरांचे प्रशिक्षक झाले. 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. पण साध्या खेड्यातला शिक्षक अभ्यासक्रम घडवू शकतो, ही गोष्ट त्याने कायमची सिद्ध केली. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने 1920 च्या दशकात वर्गात छापखाना आणला आणि त्याच्या मुलांनी छापलेल्या मजकुराची ब्रिटनीतल्या दूरच्या शाळेशी अदलाबदल होऊ लागली, तीही अशीच एकट्या पडलेल्या शाळांनी एकमेकींना गाठण्याची धडपड होती.

महाराष्ट्रात गेल्या दशकात ही अदलाबदल सर्वांत वेगाने झाली ती सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमुळे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटामुळे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. मुले गटात बसू लागली. काड्या, खडे, बिया यांनी मोजू लागली. जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर खेळत वाचू लागली. राज्यभरातून हजारो शिक्षक ते बघायला गेले. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' निर्णयानंतर तर गावोगावच्या फरशा रंगल्या. 'शिक्षणाची वारी' या शासकीय मेळ्यांत शिक्षकांनी आपापले साहित्य मांडले. यातून पुष्कळ चांगले घडले, ते नाकारायचे कारण नाही. पण फरशी रंगवणे सोपे होते आणि ते फोटोत दिसत होते. त्यामागचा विचार, म्हणजे मुलाला आधीच काय येते ते ओळखून पुढचा अनुभव द्यायचा, तो रंगाच्या डब्याबरोबर येत नव्हता. जिथे दोन शिक्षक बीटवर जाऊन आठवडाभर बसून आले, प्रश्न विचारून आले, तिथे तो आला.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांची क्यूआर कोडची कल्पना वेगळ्या वाटेने पसरली. एका शाळेत सुरू झालेला प्रयोग बालभारतीने राज्याच्या पाठ्यपुस्तकांत नेला. डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून दिली. शिक्षकाने शिक्षकाला देण्याची याहून मोठी कृती अलीकडे झालेली नाही. तरीही जिथे मोबाइलचे नेटवर्क पोहोचत नाही, तिथे त्या कोडमागचा धडा उघडत नाही, आणि उघडला तरी तो प्रमाण मराठीत असतो. म्हणून पुण्याहून खाली येणाऱ्या साहित्याइतकेच एटापल्लीहून भामरागडला, सिरोंच्याहून अहेरीला आडवे जाणारे साहित्य मोलाचे आहे.

देण्यासारखे या जिल्ह्यात भरपूर आहे. 2021 चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार तेलंगणाच्या सीमेवरच्या आसरअल्ली शाळेतील खुर्शीद शेख यांना मिळाला. 2024 चा एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीच्या मंतैय्या बेडके यांना. देशभरातून मोजक्या शिक्षकांची निवड होते, त्यात महाराष्ट्राच्या सर्वांत दुर्गम टोकावरच्या दोन शाळा तीन वर्षांच्या अंतराने बसल्या. या दोघांचे सत्कार झाले, बातम्या आल्या. पण पुरस्कार हा माणसाचा गौरव असतो. त्या वर्गात नेमके काय घडते याची नोंद त्यातून होत नाही. जाजावंडीच्या पहिल्या इयत्तेचा पहिला महिना कसा जातो, यावर वीस पानांची पुस्तिका निघाली आणि ती तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात गेली, तर तो पुरस्कार तालुक्याचा होईल.

व्हॉट्सअॅपवरचे शिक्षकांचे गट हा प्रश्न सोडवतील असे अनेकांना वाटले. तिथे स्वाध्यायपत्रिका, व्हिडिओ, परिपाठाचे साहित्य रोज येते आणि गरजेच्या वेळी ते उपयोगीही पडते. पण तिथे यशाचेच फोटो टाकायची रीत पडली आहे. फसलेला पाठ कुणी टाकत नाही. जवळच्या शिक्षकाला सर्वांत जास्त उपयोग मात्र त्याचाच असतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा परिषदांनी तीन गोष्टी कराव्यात, आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. चार्जच्या यादीत एक वही वाढवावी: गावातल्या भाषेतले वर्गाला लागणारे शब्द आणि वाक्ये, गावाच्या हंगामांचे वेळापत्रक, लागू पडलेले आणि फसलेले पाठ, आणि कोणते मूल कुठवर आले आहे. तिच्यावर गुण नकोत, तपासणी नको, वरच्या कार्यालयात तिची प्रत नको. ती फक्त पुढच्या शिक्षकासाठी असावी. आणि जाणाऱ्या-येणाऱ्या शिक्षकांना निदान आठवडाभर एकाच वर्गात एकत्र काम करू द्यावे, म्हणजे वहीत न मावणारे तोंडी देता येईल. शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ अशा वह्या वाचण्याला द्यावा आणि माहितीचे नमुने दुसऱ्या दिवशी मागावेत. जे शिक्षक या दोन जिल्ह्यांत नोकरी करून आता इतरत्र गेले आहेत, त्यांनीही यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आपली जुनी वही काढून, त्या शाळेवर आज जो शिक्षक आहे त्याला एक पत्र लिहावे.