टाकलेल्यांचें आडनांव

मनुष्याला आडनांव वारशानें मिळतें. परंतु ज्याला वारसाच नाकारला गेला, त्याला कोणतें आडनांव द्यावें? इटलींतील नेपल्स शहरानें याचें उत्तर एका शब्दांत दिलें: एस्पोझितो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'उघड्यावर टाकलेला'. तेथील आनुंत्सियाता या धर्मसंस्थेच्या भिंतींत एक फिरतें चक्र होतें. बाहेरून त्यांत मूल ठेवावें, चक्र फिरवावें आणि तोंड न दाखवितां निघून जावें! १८७५ सालीं तें चक्र बंद झालें. आडनांव मात्र राहिलें. आज नेपल्समध्यें त्याच्याइतकें प्रचलित आडनांव दुसरें नाहीं.

यांत लज्जा कोणाची? टाकणारा निनांवी राहिला आणि डाग अर्भकाच्या कपाळीं आला. आणि तो लावणारे हात दयाळू होते, हें अधिक विचार करण्यासारखें आहे. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचें चिन्ह कबुतर, म्हणून तेथील पुष्कळ अनाथ मुलें 'कोलोंबो' झालीं. फ्लॉरेन्समध्यें १४४५ सालीं उघडलेल्या अनाथगृहावरून 'इन्नोचेंती', म्हणजे निष्पाप, हें आडनांव रूढ झालें. वस्तुस्थिति एकच, पण एक नांव टाकणाऱ्या हाताची आठवण ठेवतें, तर दुसरें उचलून घेणाऱ्या हाताची. आपल्या कर्णाला राधेय म्हणतात, तें याच दुसऱ्या न्यायानें.

तथापि एस्पोझितो या नांवाचेंही अखेर सोनें झालें. हजारों कुटुंबांनीं तें धारण करून संसार केले, आणि मूळ अर्थ त्यांच्या आयुष्यांखालीं बुजून गेला. नांवाला प्रतिष्ठा पूर्वज देतात असें आपण समजतों. येथें ती वंशजांनीं पूर्वजाला दिली.