माणूस शेवटी

खोटी साक्ष देणाऱ्याला आपण पापी म्हणतो. पण साक्ष देणारा माणूस नसून एखादा काटा असेल तर? काट्याला पाप लागत नाही. मग ते पाप कुणाचं? हा प्रश्न मला कुठल्या पोथीतून पडला नाही, एका जुन्या टाटा ट्रकच्या डिझेल मीटरवरून पडला.

आमच्या भागात हळद लई. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इकडची हळद ट्रकनं सांगलीच्या पेठेत जायची. अशाच एका मालकाची जुनी गाडी होती आन् तिच्यावर आमच्या गावचा ड्रायव्हर. माझेही कट्टे त्या गाडीत असायचे, म्हणून हे सगळं मी जवळून बघितलं.

झालं असं, की गाडीचा काटा हळूहळू खाली राहायला लागला. टाकी भरली तरी पुरा वर जाईना, आन् सांगलीहून परत आल्यावर पार तळाला. मालकाला आधी पंपवाल्याचा संशय आला. पण त्याच्याशी भांडायचं तर उधारी बंद होते. मग संशय सरकत सरकत ड्रायव्हरवर येऊन बसला. "मालक, म्या एक थेंब बी काढला नाही," तो गयावया करायचा. मालक नुसता काट्याकडं बोट दाखवायचा. दोन महिने पगारातून पैसे कापले. पारावर, हॉटेलात त्याला डिझेलचोर म्हणायला लागले. त्याच्या पोरीला शाळेत कुणीतरी तेच म्हणलं, तेव्हा तो गडी आतून मोडला.

पुढं गाडी क्लचच्या कामाला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आन् एवढंच विचारलं, "काठी घालून बघितली का?" कुणीच बघितली नव्हती.

आता ह्या काट्याचं गणित सांगतो. टाकीत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. त्याला दांडी असते. डिझेल कमी झालं की फ्लोट खाली जातो, दांडीचं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकतं आन् विजेची वाट अवघड किंवा सोपी होते. तेवढाच निरोप वायरीतून केबिनमधल्या मीटरला मिळतो. म्हणजे काट्यानं टाकी कधी बघितलेलीच नसते. तो ऐकीव गोष्ट सांगतो. मधला एक जरी निरप्या बिघडला, तरी काटा इमानदारीनं खोटं सांगतो.

मिस्त्रीनं आधी स्वच्छ काठी टाकीत बुडवली. काटा पाव टाकी दाखवत होता, काठी निम्म्याच्या वर ओली झाली. मग झाकण घट्ट लावून, चावी चालू ठेवून, टाकीवरच्या युनिटची वायर सोडली आन् क्षणभर गाडीच्या लोखंडाला टेकवली. काटा झटकन एका टोकाला पळाला. म्हणजे मीटर धड, वायरही धड. मग युनिटच्या अंगापासून चासीला वेगळी वायर जोडून अर्थिंग बघितलं. काही फरक पडला नाही, म्हणजे तेही धड. शेवटी बॅटरी सोडली, आम्हाला बिड्या विझवायला लावल्या आन् स्क्रू काढून युनिट बाहेर घेतलं. फ्लोट कानाशी हलवला, तर आत डिझेल डुचमळत होतं. डागाजवळ केसाएवढी चीर होती. डिझेल आत मुरत गेलं, फ्लोट जड झाला आन् बुडत चालला. चोर तिथं सापडला.

नवा फ्लोट, नवं पॅकिंग बसवलं. टाकी तोंडापर्यंत भरली, सांगलीची खेप झाल्यावर पुन्हा तोंडापर्यंत भरली. जेवढे लिटर बसले तेवढेच किलोमीटरला लागणारे होते. मालकानं कापलेले पैसे परत दिले. पण नाव गेलं ते परत आलं नाही. पैसे मोजून देता येतात. गावभर पसरलेली गोष्ट गोळा करून कशी देणार? दिवाळीनंतर ड्रायव्हरनं ती गाडी सोडली.

कुणी म्हणेल, मग मालकानं संशय घ्यायचाच नाही का? डिझेल चोरणारे काय नसतात? असतात. संशय घेणं हे पाप नाही. पण काठी दोन्हीकडून खरं बोलते. ड्रायव्हर चोर असता तर तेही काठीनंच सांगितलं असतं. काठी न घालता शिक्षा करणं हे पाप. मिस्त्रीनं एकेक गोष्ट क्रमानं तपासली. मालकानं तपास माणसापासून सुरू केला, कारण माणूस गरीब होता आन् काटा केबिनमध्ये मानानं बसला होता. काठी घालायला खाली उतरावं लागतं, हात घाण होतात. बोट दाखवायला काहीच लागत नाही.

संत नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात. गोरोबाकाकांनी मडकी थापटावीत तशी संतांची डोकी थापटली आन् नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा घरोघरी माहीत आहे. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. मला त्या कथेत एक गोष्ट मोठी वाटते. थापटणं एकट्या नामदेवांच्या डोक्यावर नाही पडलं, सगळ्यांच्याच पडलं. तपासणी सगळ्यांची सारखी झाली, म्हणून तिचा निकाल पटला.

आज तर आमचं सगळं जगणंच काट्यावर आलंय. सोयाबीन घेऊन गेलं की ओलावा मोजायचं यंत्र समोर येतं. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांच्या आत ओलावा लागायचा, २०२४ च्या हंगामात तो १५ टक्क्यांपर्यंत चालवला. यंत्रावर एक आकडा इकडचा तिकडं झाला की शेतकऱ्यानं ओला माल आणला म्हणतात. पाऊस मंडळाच्या गावी मोजतात आन् कोरडं आमचं शिवार राहतं. यंत्रं नकोत असं मी म्हणत नाही. यंत्रामुळं कितीतरी तोंडी लबाड्या थांबल्या. पण जुन्या लोकांनी तराजू हातात घेतला की आधी रिकामी पारडी बघितली, पासंग आहे का ते बघितलं, मगच माल घातला. त्यात कुणाचा अपमान नव्हता.

आकडा चुकला की आधी वायर बघावी, अर्थिंग बघावं, फ्लोट बघावा. माणूस सगळ्यात शेवटी बघावा. बाकीच्या वस्तू बाजारात नव्या मिळतात.