पाच लाख अठ्ठावन्न हजार एकशे पंचवीस

आकडा दिसला की तो फोडून बघायची मला खोड आहे. किराण्याची पावती, गाडीचा नंबर, काहीही चालतं. पण भोपाळात राहून ही खोड निरुपद्रवी राहत नाही, कारण या शहराचे जगाला माहीत असलेले आकडे माणसांचे आहेत.

युनियन कार्बाइडच्या वायूने इजा झालेल्यांचा आकडा सरकारने २००६च्या प्रतिज्ञापत्रात दिला: ५,५८,१२५. तो वाचला आणि पेन्सिल समासात चालू लागली. शेवटी १२५, म्हणजे पाचाने भाग जाणारच. चारदा गेला. उरले ८९३, म्हणजे १९ गुणिले ४७. कसं सुबक सुटलं! मला बरं वाटलं, हे कशाला लपवू?

मृतांचे आकडे तर एकाहून अधिक. सुरुवातीचा २,२५९, पुढे राज्य सरकारचा ३,७८७, नुकसानभरपाईच्या हिशेबातला ५,२९५. आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांची रीत मी यांनाही लावली. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करायचे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. ८७७३ वजा ३७७८ म्हणजे ४९९५; मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. उरलेले दोन्हीही तिथेच गेले. जाणारच होते. चारही अंक सारखे नसले की चार अंकी संख्या तिथेच पोचते, हे मास्तरांनी १९४९मध्ये दाखवलं. आपण माणसं मोजली होती की पोती, याच्याशी ६१७४ला देणंघेणं नाही. प्रश्न ६१७४चा नाहीच. मला देणंघेणं होतं का?

माझ्या बाजूने एक युक्तिवाद आहे. गणितात एकाला फार किंमत असते. लागोपाठच्या दोन संख्यांना एक सोडून सामाईक विभाजक नसतो. ५,५८,१२५मध्ये आणखी एक माणूस धरा: पाच गेला, एकोणीस गेला, सत्तेचाळीस गेला, आले २, ३, ३, १०१, ३०७. ३,७८७ म्हणजे ७ गुणिले ५४१; जयप्रकाशनगरातल्या एखाद्या झोपडीतलं एक मूल नोंदीतून सुटलं असेल, तर सातही खोटा आणि ५४१ही. म्हणजे एकेका जिवाचा हिशेब ठेवणारं शास्त्र माझ्या हातात आहे, असं मी स्वतःला सांगत आलो.

युक्तिवाद चांगला आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. मोजणीच पक्की नाही हे ठाऊक असताना तिचे अवयव पाडण्यात कसली अचूकता? आणि तो सुटलेला माणूस मला आठवला कधी? आधी समासात १०१ आणि ३०७ आले, तो मागाहून आला.

पीडितांच्या संघटना वीस हजार, पंचवीस हजार मृत्यू सांगतात. हे आकडे मी कधी फोडायला घेतले नाहीत. फोडले तर नुसते दोन आणि पाच निघतात, त्यात गंमत नाही.