कधीपर्यंत?

जुलै 2020 मध्ये पनवेल महापालिकेने कोविडमुळे पुन्हा टाळेबंदी केली. आदेशाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला की बाकी मजकूर वाचायच्या आधी सगळ्यांची नजर एकच गोष्ट शोधायची : कधीपर्यंत? तारीख असायचीच. ती उलटायची, मुदत वाढायची, लोक चरफडायचे, व्यापारी निवेदने द्यायचे. पण प्रत्येक वेळी कुणाला तरी पुन्हा बसून ठरवावे लागायचे.

साथ कुठून येते याचा पनवेलचा पुरावा तसा घरचाच होता. एप्रिलमध्ये मुंबई विमानतळावर ड्यूटी करणारे आणि कळंबोलीत राहणारे सीआयएसएफचे जवान बाधित निघाले. पाठोपाठ पोलीस, परिचारिका, बेस्टचे कर्मचारी. रुग्णांच्या यादीत पत्ता खारघर-कामोठ्याचा आणि नोकरी मुंबईची. साथ कुठल्या वाटेने येते हे कळायला शोधनिबंधाची गरज नव्हती. पण ती वाट अडवली तर मुंबईच्या रुग्णालयांत उद्या कामावर कोण येणार? कल्याण-डोंबिवलीने मे महिन्यात मुंबईच्या नोकरीसाठीचा असा रोजचा प्रवास रोखायचे ठरवले आणि लगेच मागेही घेतले. पुरावा बरोबर असूनही निर्णय चुकू शकतो, तो असा.

औषधांचे मात्र उलटे झाले. तिथे तारीखच नव्हती.

16 जून 2020 रोजी ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे काही रुपयांत मिळणारे जुनेच स्टेरॉइड. त्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने. 27 जूनला ते आपल्या केंद्र सरकारच्या उपचारपद्धतीत आलेसुद्धा. अकरा दिवस! आपल्या सरकारी फायलीचा वेग ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी याचे कौतुक करायलाच हवे.

दोनच दिवसांनी, 29 जूनला, महाराष्ट्राने ‘प्लॅटिना’ हा, बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा रुग्णांना देऊन पाहण्याचा, मोठा प्रकल्प सुरू केला. त्यात मला गैर दिसत नाही. प्लाझ्माबद्दल हाती ठोस काही नसताना चाचणी करून पाहणे हाच प्रामाणिकपणा. पण आयसीएमआरची ‘प्लॅसिड’ चाचणी त्याच सुमारास 39 रुग्णालयांत, 464 रुग्णांवर चालू होती. तिचा निष्कर्ष सप्टेंबरमध्ये समोर आला, ऑक्टोबरमध्ये ‘बीएमजे’त छापून आला : प्लाझ्माने ना मृत्यू टळतो, ना आजार बळावणे थांबते. आपल्याच देशाने, आपल्याच रुग्णांवर काढलेला, स्वच्छ निष्कर्ष.

आणि एप्रिल 2021 मध्ये आमच्या ग्रुपवर रात्री दोन वाजता मेसेज : ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा, डॉक्टरांनी सांगितलंय.’ प्लाझ्मा अधिकृत उपचारांतून वगळला गेला 17 मे 2021 रोजी. डेक्सामेथासोन घ्यायला अकरा दिवस, प्लाझ्मा सोडायला आठ महिने.

हे कुणा एकाच्या मूर्खपणाने झाले असे मला वाटत नाही. उपचार सुरू करणे हे काहीतरी केल्यासारखे दिसते. थांबवणे म्हणजे हात वर करणे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाला ‘याचा उपयोग नाही’ असे कोण सांगणार? रक्तगट विचारणे सोपे. रेमडेसिव्हिरच्या रांगांमागेही तेच होते. त्याने मृत्यू टळत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने ऑक्टोबर 2020 मध्येच सांगितले होते. मे 2021 मध्ये गोव्याने तर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचे जाहीर केले.

डेक्सामेथासोनची गोष्टही तिथे संपली नाही. त्या निष्कर्षाला एक अट होती : रुग्ण ऑक्सिजनवर असेल तरच. नसेल तर फायदा नाही, कदाचित अपायच. निबंधातून प्रोटोकॉलमध्ये ही अट नीट पोचली. पण प्रोटोकॉलमधून चिठ्ठीवर आणि चिठ्ठीवरून फॉरवर्डमध्ये जाताना औषधाचे नाव तेवढे उरले. घरी बसून, ताप आला म्हणून, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर लोकांनी स्टेरॉइड घेतले. त्यांत मधुमेही होते. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण भराभर वाढले, त्यामागे अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा अतिरेक ही मोठी कारणे होती.

टाळेबंदीच्या आदेशावर तारीख होती, कारण दुकान बंद असलेला माणूस रोज विचारत होता. प्लाझ्माच्या सल्ल्यावर तारीख घाला, म्हणून पनवेलमध्ये कुणी निवेदन दिल्याचे मला आठवत नाही. मीही दिले नाही. त्या रात्री मी बी पॉझिटिव्हवाल्यांचे नंबर पुढे पाठवत होतो.