प्रतवारी

मॅनेजर व्हायचं की कोड लिहीत राहायचं, हे ठरवायला मी दोन दिवस कळवणला आलो होतो. चाळीत उन्हाळ कांद्याची निवड चालू होती. मोठा एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, सडका बाहेर. आई कांदा हातात घेते आणि क्षणात ठरवते. कांद्याला त्याचं काही वाटत नाही.

माझ्या नव्या पदात हेच काम आहे, फक्त माणसांचं. टीम सात जणांची. सगळ्यांनी नीट काम केलं तरी वर्षअखेर एकाला सर्वांत खालचा दर्जा द्यायचाच. त्यातल्याच एकाने मला गिट शिकवलं होतं.

रघुनाथ माशेलकर १९७६मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधक म्हणून आले, १९८९मध्ये तिचे संचालक झाले. अशा वेळी एक संशोधक कमी झाला म्हणून आपण हळहळतो. मला दुसराच प्रश्न पडतो. कालपर्यंत शेजारी बसणाऱ्याचं मोल ठरवायचा अधिकार खुर्चीमुळे येतो, की त्याचं काम मला अजून कळतं म्हणून? कळतं म्हणून येत असेल, तर तो दरवर्षी थोडा झिजणार. पगार मात्र वाढणार.

नकार दिला तर माझे हात स्वच्छ राहतील. पण तो दर्जा कुणाच्या तरी वाट्याला येईलच, कदाचित कोड न वाचणाऱ्याच्या हातून.

वडिलांना सांगितलं. म्हणाले, "गोल्टी फेकत नाही आपण. तिलाबी भाव असतो."

कांद्याच्या बाबतीत खरं आहे.

परतीच्या एसटीत होकार कळवला. यादी जाण्याआधी प्रत्येकाशी मी स्वतः बोलेन, एवढी अट घातली. वरून अजून उत्तर नाही.