मृताचा नकार

नीतिविचारास निमित्त कोठून मिळेल याचा नेम नसतो. एखादे उपनिषद किंवा शेक्सपिअरचे एखादे नाटक पुढे ठेवून जे प्रश्न आम्ही वर्गात काढतो, तेच प्रश्न आजचा तरुण संगणकाच्या पडद्यासमोर बसून, त्यांची नावेही न घेता, बोटांच्या टोकांनी सोडवीत असतो. २०११ साली निघालेला ‘स्कायरिम’ नावाचा खेळ हे याचे चांगले उदाहरण होय.

या खेळात आपले पात्र आपणच घडवावयाचे असते. पात्र एक पायरी वर चढले की दहा गुण हाती येतात. ते मंत्रशक्ती, प्राण व दम या तिहींपैकी एकाच्या पदरात टाकावे लागतात. ज्याला प्रेतसाधक योद्धा घडवावयाचा, त्याला हा हिशेब फार जपून करावा लागतो. त्याच्या अंगात जड चिलखत, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात मृतास उठविण्याचा मंत्र. नुकताच ठार केलेला शत्रू उठून उभा राहतो आणि आपल्याच सोबत्यांवर धावून जातो. आरंभीच्या मंत्राने उठलेले प्रेत साठ सेकंद लढते व शेवटी राखेचा ढीग होते. सर्वांत वरचा मंत्र साधला म्हणजे मनुष्याचे प्रेत, ते पुन्हा पडेपर्यंत, कायमचे दास बनते.

यात वाईट ते काय, असा आक्षेप कोणी घेईल. ते प्रेत म्हणजे प्रकाशाचे चार ठिपके. बुद्धिबळातील प्याद्यास त्याची संमती कोणी विचारतो काय? दशावतारात रावण झालेला नट घरी जाऊन सीताहरण करीत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. खेळात प्रेत उठविल्याने कोणी पापी होत नाही. इतकेच नव्हे, तर या पात्राच्या पक्षी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. निव्वळ मांत्रिक मागे सुरक्षित उभा राहून प्रेतांना पुढे करतो. योद्धा मात्र स्वतःचा प्राणही पणाला लावतो. दुसऱ्यांना लढावयास लावणाऱ्या पुढाऱ्यांपैकी फार थोड्यांविषयी असे म्हणता येईल.

परंतु प्रश्न पापाचा नसून या आनंदाच्या स्वरूपाचा आहे. प्याद्याला इच्छा कधीच नव्हती. येथे ज्यास उठविले त्यास क्षणापूर्वी इच्छा होती, आणि ती आपल्या विरुद्ध होती. विरोध करणारे मन नाहीसे व्हावे आणि त्याचे बळ तेवढे आपल्या पदरी राहावे, यातच या साधनेची खरी गोडी आहे. खेळ रचणाऱ्यांनाही हे जाणवले असावे. कारण असा दास पुन्हा कोसळताना कधी कधी ‘धन्यवाद’ असे पुटपुटतो.

मृतास उठविण्याची विद्या आमच्या पुराणांसही ठाऊक आहे. महाभारताच्या आदिपर्वातील संजीवनीची कथा कोणास माहीत नाही? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली ‘विद्याहरण’ नाटकाने ती मराठी रंगभूमीवर आणली. दैत्यांनी कचाला तीनदा मारले आणि शुक्राचार्यांनी तीनदा उठविले. तिसऱ्या वेळी कच गुरूच्या पोटातून बाहेर पडला व गुरू गतप्राण झाले. त्या क्षणी विद्या कचाजवळ होती, गुरू निष्प्राण होते आणि अडविणारे कोणी नव्हते. तरी त्याने गुरूंना उठविले. पुढे जिच्या हट्टामुळे त्याला प्राण परत मिळाले, त्या देवयानीने प्रेम मागितले तेव्हा त्याने ‘नाही’ म्हटले, आणि तिचा शापही सोसला. संजीवनी आणि प्रेतसाधना यांतील भेद येथे स्पष्ट होतो. संजीवनीने उठलेला मनुष्य तोच असतो. म्हणून तो उपकार फेडू शकतो आणि उपकारकर्त्यास नकारही देऊ शकतो. प्रेतसाधकाच्या दासास यांपैकी काहीच शक्य नसते.

हा भेद पुराणापुरता नाही. ‘विद्याहरण’ आले त्याच वर्षी नरसिंह चिंतामण केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ही आले. दोघेही नाटककार नारायण पेठेतल्या केसरीशी निगडित होते. दोघांनी त्याचे संपादकत्वही केले. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले, पण ते पडले हे कित्येकांना पटत नव्हते. या आशेचा लाभ घेऊन सुखनिधान नावाच्या कनोजी ब्राह्मणाने स्वतःस भाऊ म्हणविले, १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटून कोकणात मोठी फौज जमविली, आणि त्याच वर्षी पुण्यास देहान्त शासन भोगले. ती फौज एका मृताच्या नावावर उभी राहिली होती. ‘माझे नाव घेऊ नका’ असे सांगण्यास मात्र भाऊ उरले नव्हते. आज सदाशिव पेठेला त्यांचे नाव आहे, आणि शेजारच्या नारायण पेठेला १७७३ मध्ये अठराव्या वर्षी मारल्या गेलेल्या नारायणरावाचे. ‘काका, मला वाचवा’ ही त्याची किंकाळी शनिवारवाड्यात अजून ऐकू येते, असे सांगणारे भेटतात. त्या पोराला आम्ही आमच्या अंगावर काटा यावा म्हणून पुनःपुन्हा मारतो.

आता तर तोतयाचीही गरज राहिलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये नाशिक येथे शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाच्या मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांचे भाषण यंत्राने घडविलेल्या आवाजात ऐकविण्यात आले; बाळासाहेब २०१२ सालीच निवर्तले होते. पक्ष कोणता, हा येथे मुद्दा नाही. उद्या दुसराही हेच करील. श्रोत्यांची कोणी फसवणूक केली, असेही माझे म्हणणे नाही. मुद्दा इतकाच की, त्या आवाजाला लिहिणाऱ्याच्या मनाविरुद्ध एक शब्दही बोलता येत नव्हता.

मग मृतांस उठवूच नये काय? तसे म्हटले तर इतिहासाला टाळे लावावे लागेल. सदाशिव पेठेत १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ जुने कागद जपते, तेही मृतांना उठविण्याचेच काम होय. परंतु तेथे एखादे पत्र निघते आणि संशोधकाचा वर्षानुवर्षांचा सिद्धान्त कोसळतो. मृत मनुष्य तेथे उठून ‘मी असे केले नाही’ म्हणू शकतो. कसोटी हीच मानावी: ज्या मृतास आपण बोलावतो, त्याच्या नकाराला जागा ठेवली आहे काय?

ही कसोटी पुढाऱ्यांना लावणे सोपे आहे. घरात लावणे अवघड. वाटणीचा वाद निघाला किंवा मुलीने स्वतः वर निवडला की, ‘आज आजोबा असते तर त्यांना हे मुळीच खपले नसते,’ असे कोणीतरी म्हणतोच. आजोबा उठतात, बोलणाऱ्याच्या बाजूने लढतात, आणि काम झाले की पुन्हा राखेत मिळतात. खेळणाऱ्या मुलाला आपण प्रेते उठवीत आहोत हे निदान ठाऊक असते. आजोबांचे नाव घेणाऱ्याने, ते आयुष्यात आपल्या मताविरुद्ध कधी आणि काय बोलले होते, तेही त्याच बैठकीत सांगावे. ते आठवत नसेल, तर स्वतःचे मत स्वतःच्या नावाने मांडावे.