सहवासाविना सहकार्य

सहकार्याला सहवास लागतो, हे गृहीतक इतके जुने आहे की ते तपासून पाहण्याचा प्रसंग क्वचितच आला. गिरणी आणि कचेरी त्याच गृहीतकावर उभ्या राहिल्या. २०२० च्या महासाथीत संगणक-उद्योगातील माणसे घरून काम करू लागली, तेव्हा ते मोडले असे अनेकांना वाटले. वस्तुतः त्याला तडा त्यापूर्वीच गेला होता. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण रचत असलेल्या संगणक-प्रणालीची वार्ता दूरदूरच्या जाणकारांना कळविली व त्यांच्या सूचना मागविल्या. ‘लिनक्स’ नावाची ती प्रणाली पुढे देशोदेशींच्या हजारो जणांनी घडविली. त्यांतील कित्येकांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नाही.

मग त्यांचा परस्परविश्वास कशावर टिकतो? तो लेखावर टिकतो. प्रत्येक बदल कारणासह लिहून पाठवायचा, इतरांनी तो वाचून पारखायचा, असा तेथील दंडक आहे. २००४ पासून बदल करणारा त्याखाली आपले नाव घालून त्याची जबाबदारी घेतो. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राखणारी ‘गिट’ ही व्यवस्था टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये निर्माण केली. येथे माणूस दिसत नाही. त्याची कृती मात्र झाकली जात नाही. घरी बसलेल्या नोकराने कळफलकावर किती वेळा बोटे आपटली हे मोजणारा मालक याच्या नेमका उलट वागतो. त्याला हजेरी दिसते, काम दिसत नाही.

तथापि कामाशी प्रामाणिक राहिले म्हणजे काम करणाऱ्याला न्याय मिळाला, असे म्हणता येईल काय? सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या कठोर, व्यक्तिगत शब्दांबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही काळ ते कामातून बाजूला झाले. त्याच सुमारास त्या प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. कठोरपणामुळेच गुणवत्ता टिकते, असा युक्तिवाद यावर केला जातो. परंतु दोष दाखविणे आणि दोष करणाऱ्याला हिणविणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीने काम सुधारते. दुसरीची कामाला गरज नसते.

समोर बसलेल्याचा उतरलेला चेहरा बोलणाऱ्याला आवरतो. दूरस्थ सहकाऱ्याचा तो चेहरा कल्पनेनेच पाहावा लागतो. सहवास जे संयमाचे काम न सांगता करीत होता, ते आता विवेकाला जाणीवपूर्वक करावे लागते. अंतराने श्रमाची वाटणी सोपी केली. माणुसकीची जबाबदारी मात्र एकेकट्यावर टाकली.